जोड्या लावा

मी चित्रकलेची बाई. धानोरा तालुक्यातल्या एका हायस्कुलात सव्वीस वर्षं नोकरी केली, आणि त्यातली शेवटची काही वर्षं माझी ओळख चित्रांपेक्षा भाषणामुळे जास्त होती. योग दिन जवळ आला की आजूबाजूच्या शाळांतून बोलावणं यायचं. विषय दर वेळी तोच: ध्यानपरंपरेतली चिन्हं आणि त्यांचे अर्थ. मांजरपाटाच्या मोठ्या तुकड्यावर मी स्वतः तक्ता रंगवला होता. ॐ, कमळ, आठ आऱ्यांचं चक्र, जपमाळ, कासव, घंटा. छडीचं टोक एकेकावर टेकवायचं आणि अर्थ सांगायचा. ॐच्या तीन वळणांत जागेपण, स्वप्न आणि गाढ झोप, आणि वरचा बिंदू म्हणजे या तिन्हींच्या पलीकडचं काही. कमळ चिखलात राहून कोरडं. चक्राचे आठ आरे म्हणजे आठ अंगांचा मार्ग. कासव पाय आत ओढून घेतं, तसं मनाने इंद्रियांना आत घ्यायचं. पाऊण तासात सगळं बसायचं आणि शेवटी टाळ्या.

एकदा एका आश्रमशाळेत सातवीतली मुलगी मध्येच उठली. म्हणाली, "बाई, आमच्या बोडीत कमळ असते. आमी त्याचे कांदे उकडून खातो." बोडी म्हणजे गावाजवळचं लहान तळं. मी म्हटलं, "छान. पण कमळाचा अर्थ काय?" ती जरा विचार करून म्हणाली, "भाजी." वर्ग हसला. मीही हसले, तिला बसायला सांगितलं आणि चक्राकडे वळले.

निवृत्त झाल्यावर भाषणं आपोआप बंद झाली. नव्या बाई आल्या होत्या, त्या मोबाईलवरून पडद्यावर चित्रं दाखवत. मग मी एक दहा दिवसांचं मौन शिबिर केलं. मूलहून चामोर्शीकडे जाताना रस्ता सोडून आत, सागाच्या रानात, लाकूड कापायच्या एका बंद पडलेल्या आरा मशीनची मोठी शेड होती. तिथे भिंती घालून ध्यानाची खोली केलेली. शिबिर घेणारे पुण्याकडचे निवृत्त इंजिनियर. सगळे त्यांना 'सर' म्हणत. पुढच्या वर्षी त्यांचा फोन आला: यंदा बायकांच्या बाजूला सेविका म्हणून याल का? मी लगेच हो म्हटलं. तक्ता घडी करून बॅगेच्या तळाशी घातला. लागला तर असावा.

तो लागणार नव्हता हे मला माहीत असायला हवं होतं. सर पहिल्याच बैठकीत सांगत, "आपल्याकडे चिन्ह नाही. फोटो नाही, उदबत्ती नाही, मंत्र नाही. इथे फक्त श्वास आहे, आणि तो कोणत्याही धर्माचा नाही." म्हणून येणाऱ्या प्रत्येकाने अंगावरची चिन्हं काढून ठेवायची. माळ, गंडा, ताईत, अंगठी, लॉकेट, सगळं. दहा दिवस बोलायचं नाही आणि यातलं काही घालायचं नाही. दहाव्या दिवशी मौन सुटलं की ज्याचं त्याला परत.

पोळा नुकताच झाला होता. बायकांच्या बाजूला सोळा जणी आल्या. मी घरूनच तयारी करून गेले होते. शाळेच्या गणवेशाचं उरलेलं निळं कापड होतं, त्याचे सोळा बटवे शिवले. सगळे एका मापाचे, एकाच रंगाचे. त्यावर नावाच्या चिठ्ठ्या डकवायच्या होत्या. माझं अक्षर चांगलं, त्यामुळे चिठ्ठ्या इतक्या सुबक झाल्या की त्या सेफ्टी पिनेने टोचायला जीव होईना. स्वयंपाकघरात गेले आणि खळ करायला मैदा मागितला.

स्वयंपाक करणाऱ्या मावशी धानोऱ्याच्याही पुढच्या, रानातल्या एका गोंड वस्तीवरच्या. साठीच्या असतील. त्यांनी मैदा दिला आणि म्हणाल्या, "बाई, खळीत मोरचूद टाका. नाईतं झुरळं खातेत."

"दहा दिवसांचाच प्रश्न आहे, मावशी."

"झुरळाले का मालूम दहा दिवस हायत का वीस?"

मी हसून घेतलं आणि मोरचुदाशिवाय खळ केली.

ठेवी गोळा करायला मी व्हरांड्यात टेबल टाकून बसले. मी सांगितलं होतं, वस्तू तुमच्या हाताने आत घाला, गाठ मारा, मी बघणार नाही. आणि खरंच बघितलं नाही. मंगळसूत्राचा प्रश्न आला. एकही बाई ते काढायला तयार नव्हती. सर लांबूनच म्हणाले, "ते राहू द्या." ते चिन्ह आहे की नाही यावर त्यांनी शेवटपर्यंत मत दिलं नाही.

त्या सोळांपैकी चौघी पुढे येणार आहेत, म्हणून त्यांच्याविषयी सांगते. एक चंद्रपूरच्या शिवणकाम करणाऱ्या मुसलमान बाई. पन्नाशीच्या, डोळ्यांवर जाड चष्मा. सगळ्या त्यांना आपा म्हणू लागल्या. वर्षभर झोप नव्हती म्हणून लेकीने स्कूटरवर आणून सोडलं होतं. दुसरी कोरपन्याकडची कापूसवाली शेतकरीण, चाळिशीची, हसरी. तिसरी एटापल्लीच्या आरोग्य उपकेंद्रातली नर्स, वयाने सगळ्यांत लहान. आणि चौथ्या मोठ्या बाई. शिक्षण खात्यात अधिकारी होत्या, आता निवृत्त. एकेकाळी माझ्या शाळेच्या तपासणीला आल्या होत्या आणि माझ्या कपाटातल्या रंगांच्या बाटल्या मोजून गेल्या होत्या. ठसठशीत कुंकू, ताठ मान, विधवा झाल्यावरही कुंकू सोडलं नव्हतं. त्यांनी आपला बटवा मुठीत झाकूनच मला दिला. मी नजर खाली केली. ती जुनी सवय.

सगळे बटवे लोखंडी कपाटात गेले आणि किल्ली माझ्या कमरेला. मौन सुरू झालं.

चिन्ह नसलेल्या जागी माणसं काय करतात ते मी त्या आठवड्यात पाहिलं. कडुनिंबाच्या फांदीला रेल्वे रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. तो हातोडीने वाजवला की उठायचं, बसायचं, जेवायचं. एवढंच त्याचं काम. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याच्यावर जास्वंदीचं फूल होतं. सरांनी काढून टाकलं. चौथ्या दिवशी फूल आणि हळद. पाचव्या दिवशी कुंकवाचं बोट. कोण लावतं ते कळेना, विचारायची सोय नाही, कारण मौन. सर रोज ओल्या फडक्याने रूळ पुसत. मला मात्र आतून बरं वाटत होतं. माझ्या तक्त्यावर घंटा होती, तिचा अर्थ मला येत होता.

दुपारी जेवणानंतर सर एकेकीला अडचण विचारत. एवढंच बोलणं चालायचं. बायकांच्या वेळी मी शेजारी बसलेली असे. आपा म्हणाल्या, "सर, आँख बंद केली का झोप येते. इथी बसून राह्यली तं येते, घरी झोपली तं नाई येत." कोरपन्याच्या बाईचा रोज एकच प्रश्न, "अजून किती दिवस?" मोठ्या बाई कधीच काही विचारत नसत. नर्स मात्र रोज एकच तक्रार घेऊन यायची.

"सर, मले श्वास मोजल्याशिवाय होतच नाई."

"मोजायचा नाही. फक्त बघायचा. आला, गेला."

"पण मोजल्याशिवाय कसं समजन सर, का श्वास बरोबर हाय का नाई?"

सर हसले. मीही हसले. पोरगी साधी आहे, शब्दशः घेते, असं वाटलं.

पाचव्या दिवशी एका बाईचा भाऊ तिला न्यायला आला. घरी कोणी आजारी होतं. तिची कासवाची अंगठी परत द्यायची होती, तिने देताना तोंडाने सांगितलं होतं म्हणून मला ठाऊक. सगळ्या ध्यानाला बसलेल्या असताना मी कपाट उघडलं.

सोळा निळे बटवे एका ओळीत होते आणि एकावरही चिठ्ठी नव्हती. चिठ्ठ्या खालच्या कप्प्यात पडलेल्या, कडा कुरतडलेल्या, काही ठिकाणी अर्धं नाव गेलेलं. दोन झुरळं निवांत बसली होती. मी कपाट उघडलं याचं त्यांना काही वाटलं नाही.

कासवाची अंगठी चौथ्या बटव्यात सापडली. ती बाई गेली. पण त्या आधीच्या तिसऱ्या बटव्यात दुसरंच काही निघालं होतं. काळ्या दोऱ्यात ओवलेलं, बोटाच्या पेरापेक्षा मोठं, पिवळसर, वाकडं आणि टोकाशी अणकुचीदार असं काहीतरी होतं. बुडाशी चांदीची टोपी. वाघनख!

आमच्याकडे वाघ म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगावं लागतं. रानात तो माणूस मारतो आणि त्याचं एक नख घरात सापडलं तर माणूस तुरुंगात जातो. आणि ते आता माझ्या कपाटात होतं, किल्ली माझ्या कमरेला. मी ते रुमालात गुंडाळलं. मग वाटलं, रुमालात सापडलं तर जास्त वाईट. परत बटव्यात घातलं. दुपारभर सागाच्या झाडाखाली खड्डा खणावा का, या विचारात होते. शेवटी नाही खणला, कारण खणताना कोणी पाहिलं असतं तर काय सांगणार.

सरांना सांगणं हा सरळ मार्ग होता. त्यांनी मौन थांबवून प्रत्येकीला आपली वस्तू ओळखायला लावली असती, पाच मिनिटांत काम झालं असतं. पण मग मोठ्या बाईंसमोर उभं राहून सांगावं लागलं असतं, की मी मोरचूद न टाकता खळ केली. आणि दुसरंही एक मनात आलं. सव्वीस वर्षं मी चिन्हांचे अर्थ सांगितले. वस्तू समोर आहेत, बाया समोर आहेत. अर्थ लावायचा आणि नाव लावायचं, एवढंच. परीक्षेत मुलांना येतो तोच प्रश्न: जोड्या लावा.

मी बॅगेतून तक्ता काढला, खाटेवर पसरला आणि एकेक बटवा रिकामा केला. दोन लॉकेटांवर नावं कोरलेली होती, ती सुटली. बाकीच्यांसाठी मी ध्यानाच्या खोलीत मागे बसून एकेकीचा चेहरा बघायला लागले. कोणाच्या चेहऱ्यावर काय आहे, कोण कशी बसते. सर समजले मी साधना करते आहे, आणि त्यांनी कौतुकाने मान हलवली.

रुद्राक्षाची माळ मोठ्या बाईंची, यात मला क्षणभरही शंका आली नाही. तशी बैठक, तसं कुंकू. काळ्या दोऱ्यातला कापडी ताईत होता, आत कागद शिवलेला. तो उघडच आपांचा. पितळी ॐ होता, कडीत अडकवलेला. देवभोळी, कष्टाळू शेतकरीण, म्हणून तो कोरपन्याच्या बाईचा. राहिलं नख. मी बराच वेळ कोणाचंही नाव त्याला लावलं नाही. मग एकच नाव उरलं: नर्स. एटापल्लीची, रानातली. कोणी पेशंटने दिलं असेल. आता लिहिताना मला कळतं की ही जोडी मी तक्त्यावरून लावलेली नव्हती. ती मी नकाशावरून लावली होती.

या वेळी चिठ्ठ्या सेफ्टी पिनेने टोचल्या.

दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटलं. दहा दिवस गप्प राहिलेल्या पंधरा बायका एकदम बोलायला लागल्यावर जो आवाज होतो तो मी आधी ऐकला होता, तरी दचकले. व्हरांड्यात टेबल टाकलं आणि नाव घेऊन बटवे वाटले. मोठ्या बाईंनी गाठ सोडली, आतली माळ पाहिली, क्षणभर थांबल्या आणि ती गळ्यात घातली. मला फार समाधान वाटलं. ते काही अर्धं मिनिट टिकलं असेल.

"बाई, हे माझं नाई," आपा म्हणाल्या. त्यांच्या तळहातावर ताईत होता.

"तुमचंच असेल, आपा. नीट बघा."

"मी चाळीस साल कपडे सिवून राह्यली. असा कच्चा टाका माझ्या घरात कोणी घालत नाई."

तेवढ्यात कोरपन्याची बाई पुढे आली. "थे माहं हाय!" तिने आपांच्या हातातून ताईत घेतला आणि कपाळाला लावला. मी बघत राहिले. ती म्हणाली, "काऊन बाई? दर्ग्यातल्या बाबानं देलं. माही पोरगी तीन वर्साची झाली तरी बोलेना. डाक्टर झाले, देव झाले. मंग कोणी सांगतलं म्हून दर्ग्यात गेली. बाबानं सांगतलं, हे मायनं बांधायचं, पोरीनं नाई. अन् पोरगी बोलायले लागली."

"मग ध्यानाला का आलात?"

"आता थे थांबतच नाई न! सकाळपासून बोलते. म्हून म्हटलं, दहा दिवस कुठी तरी जाऊन चूप बसावं."

सगळ्या हसल्या. आपा सगळ्यांत जास्त. मग कोरपन्याच्या बाईने आपल्या बटव्यातला ॐ वर धरला. "अन् हा कोणाचा?"

"माझा," आपा म्हणाल्या आणि घेतला. "स्कूटरच्या चावीचा. पोरगी गाडी घेऊन गेली तं चावी काढून देली, कडी माझ्याजवळ राह्यली. बाईंनी सांगितलं चिन्ह काढून ठेवा, तं ठेवलं."

"पण ॐ, आपा?"

"गाडी सेकंडहॅन्ड हाय. त्याच्यासोबत आला. ज्याची होती त्यानं गाडी लई चांगली ठेवली होती, एक दिवस बंद नाई पडली. मंग काहाले काढू?"

ॐच्या तीन वळणांचे अर्थ माझ्या जिभेवर होते. मी ते गिळले.

नर्स तोवर एका बाजूला उभी होती. तिने दोन बोटांनी दोरा वर उचलला आणि नख सगळ्यांसमोर लोंबकळलं. दहा दिवसांच्या मौनात इतकी शांतता नव्हती.

"बाई, मले जेलात धाडता का? हे कोणाचं हाय?" आणि मग तिने मोठ्या बाईंकडे पाहिलं. "अन् माही माळ मॅडमच्या गळ्यात काऊन हाय?"

मोठ्या बाईंचा हात माळेवर गेला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा चेहरा पडलेला पाहिला. त्यांनी माळ काढली आणि पुढे केली. नर्सने घेतली, मणी बोटांतून फिरवून पाहिले, एखादा तुटला तर नाही ना.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "जप करता?"

"जप नाई. गावात लहान लेकराले न्युमोनिया हाय का पाह्यचं तं मिनिटात किती श्वास घेते ते मोजा लागते. मोजता मोजता माय रडते, बाप काही विचारते, आकडा चुकते. म्हून दहा श्वास झाले का एक मणी सरकवतो. एका आज्यानं देली ही माळ. त्याचा नातू वाचला." तिने माळ पर्समध्ये टाकली. "सर म्हणते मोजू नको. आता माही सवय मी कुठी टाकू?"

ती रोज हेच सांगत होती. मी रोज शेजारी बसून ऐकत होते.

नख टेबलावर पडलं होतं आणि त्याच्या भोवती सगळ्या वर्तुळ करून उभ्या होत्या, जणू ते उठून चालायला लागेल. आरडाओरडा ऐकून मावशी पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. वर्तुळ फोडून आत शिरल्या, हात पदराला पुसले, नख उचललं, उजेडात धरलं, अंगठा फिरवला आणि परत ठेवलं.

"शिंग हाय."

"काय?"

"बैलाचं शिंग. घासून बनवलं. खऱ्याच्या खालून फट राह्यते, नाळीसारखी. हे भरीव हाय. आमच्याकडचा एक बुढा बनवत होता, यात्रेत टोपलं घेऊन बसे."

"खरं नख तुम्ही कुठे पाहिलंत, मावशी?" मी विचारलं.

"पाह्यलं," त्या म्हणाल्या.

तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, "ते माझं आहे."

त्या व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. सांगायला लागल्या तेव्हा आवाज तपासणीचाच होता, शब्द मात्र तुटत होते. नवरा वनखात्यात कारकून होता. लग्नानंतर पहिली नेमणूक रानाकडच्या गावी, आणि यांना एकटीला फार भीती वाटायची. मांजराने उडी मारली तरी ओरडायच्या. तेव्हा त्याने हे आणून दिलं. म्हणाला, आजोबांचं आहे, खरं आहे, हे जवळ असलं की भीती शिवत नाही. त्यांनी ते ब्लाऊजच्या आत घातलं. पुढे कायदे कडक झाले, पेपरात धाडींच्या बातम्या यायला लागल्या. फेकावं तर नवऱ्याची खूण, ठेवावं तर तुरुंग. नवरा गेला आणि फेकणं आणखी अवघड झालं. शाळांची तपासणी करताना, दुसऱ्यांची कपाटं उघडताना, ते नख त्यांच्या छातीवर होतं.

"भीती जावी म्हणून दिलं होतं," त्या म्हणाल्या. "तेहतीस वर्षं मला दुसऱ्या कशाचीच भीती वाटली नाही. फक्त याची."

मग मावशींकडे वळून विचारलं, "त्यांना माहीत असेल का? हे खोटं आहे ते?"

मावशी म्हणाल्या, "यात्रेत टोपलंभर राह्यते बाई. त्यातून एक उचललं तं माणसाले मालूमच राह्यते."

मोठ्या बाई हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसले. "कारकुनाचं डोकं," त्या म्हणाल्या. "एकदा तरी सांगायचं होतं मेल्याने." आपांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी कुठे बघावं हे न कळून टेबलावरच्या रिकाम्या बटव्यांच्या घड्या घालत राहिले.

बाकीच्या वस्तू बायकांनी आपापसात पाच मिनिटांत वाटून घेतल्या. माझी मदत कोणी मागितली नाही. सर येऊन उभे राहिले होते. वस्तूंना अर्थ नसतो, अर्थ आपण देतो, अशा अर्थाचं काहीतरी बोलले. मग जेवणाची वेळ झाली म्हणून ते रुळाकडे गेले. हातोडी उचलण्याआधी त्यांनी चपला काढल्या. आदल्या तीन दिवसांपासून ते काढत होते. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

दुपारच्या बसने मी आणि मोठ्या बाई गडचिरोलीकडे निघालो. त्यांनी नख दोऱ्यासकट साडीवर, सगळ्यांना दिसेल असं घातलं होतं. पहिल्यांदाच. खिडकीकडची जागा घेतली आणि वारा लागेल असं बसल्या.

वनखात्याच्या नाक्यावर बस थांबली. एक तरुण गार्ड पोती बघायला वर चढला आणि आमच्या सीटपाशी थांबला.

"मॅडम, हे काय हाय?"

"बैलाचं शिंग."

"सगळे हेच सांगतात, मॅडम."

"मी निवृत्त अधिकारी आहे."

"म्हणून तर म्हणतो, मॅडम. खाली या."

बस आमच्याशिवाय गेली. गार्ड उद्धट नव्हता. त्याने खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. म्हणाला, त्यालाही शिंगच वाटतं, पण वाटून उपयोग नाही, तपासायला पाठवावं लागेल, तसा नियम आहे. पंचनामा करायचा होता आणि पंच म्हणून जवळ शिकलेलं माणूस मीच. त्याने कागद पुढे केला. 'वस्तूचे वर्णन' असा रकाना होता. मी पेन धरून बसले. पाऊण तासाचं भाषण देणारी बाई मी, आणि त्या एका ओळीत काय लिहावं हे सुचेना. वाघनख लिहावं तर गुन्हा, शिंग लिहावं तर सिद्ध नाही, नवऱ्याने दिलेली भेट लिहावी तर त्याला रकाना नाही. शेवटी लिहिलं: पिवळसर, वाकडी, टोकदार वस्तू, एक नग. मोठ्या बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याविषयी बोललेला तो पहिला चांगला शब्द.

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. अहवाल आला होता: सदर वस्तू कोणत्याही वन्यप्राण्याचा अवयव नाही. खाली शिक्का. त्या स्वतः नाक्यावर जाऊन नख परत घेऊन आल्या होत्या.

"आता घालता का?" मी विचारलं.

"घालते. कागद पर्समध्ये ठेवते." मग म्हणाल्या, "ते सोडा. तुमच्या त्या स्वयंपाकाच्या मावशींचा नंबर आहे का?"

"आहे. कशाला?"

"तो गार्ड. देताना सहीबिही सगळं नीट केलं. मग हळूच विचारतो, मॅडम, असं कुठे मिळेल? एकट्याची ड्युटी असते नाक्यावर. मी म्हटलं, अरे, शिंग आहे ते, तूच कागद दिलास. तर म्हणतो, हो मॅडम, माहीत आहे."

मी त्याच संध्याकाळी मावशींना फोन लावला. बनवणारा म्हातारा आहे का, म्हणून विचारलं. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"तो तं मेला बाई. पण त्याची सून बनवते," मावशी म्हणाल्या. "कितीक पाह्यजेत?"